आभाळाला बॅटरी चालत नाही

परवा रविवारी गच्चीवर पांढरी चादर वाळत घातली आणि तासाभरात तिच्यावर काळ्या काड्या येऊन बसल्या. बोट लावलं की भुगा, झटकलं की डाग. म्हणजे हंगाम सुरू झाला. कुठल्या तरी उसाच्या फडातलं पाचट पेटवलेलं असतं, त्याची राख वाऱ्याबरोबर कोल्हापुरात येते आणि नेमकी धुतलेल्या कापडावर उतरते. शेजारच्या काकू दरवर्षी कठड्याशी उभ्या राहून त्या पेटवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मी शिव्या देत नाही. मी चादर पुन्हा भिजत घालते. शिव्या द्यायला तोंड लागतं, आणि माझं तोंड चार हंगामांपूर्वी एकदा गप्प बसलं ते बसलंच.

आमच्याकडे हंगाम डोळे मिटूनही कळतो. रस्त्यावरून ट्रॅक्टर जातो, मागं दोन ट्रॉल्या, वर ऊस असा रचलेला की विजेच्या तारा घाबरून बाजूला सरकाव्यात, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर लावलेला भोंगा सगळ्या पेठेला गाणी ऐकवत जातो. कारखान्याकडून वारा आला की आंबूस वास, गुऱ्हाळाकडून आला की उकळत्या रसाचा. लोकांना त्या वासानं भूक लागते. आमच्या कॉलेजातल्या एका मॅडमना माहेर आठवतं. मला एक आवाज आठवतो. टक. टक. टक. सेकंदाला एक, ठरल्यासारखा. आणि मग तो आवाज बदलला होता, ते आठवतं.

मी आभाळ ऐकते. म्हणजे पोटासाठी पोरांना फिजिक्स शिकवते, त्यातली निम्मी मागच्या बाकावर झोपतात. पण माझं खरं काम ते ऐकण्याचं. विश्वात सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त पसरलेला वायू म्हणजे हायड्रोजन. तो फार क्षीण अशी एक रेडिओ-लहर सोडतो, मूळची एकवीस सेंटिमीटर लांबीची. अब्जावधी वर्षं चालून ती आपल्यापर्यंत येते तोवर मधल्या काळात विश्वच पसरलेलं असतं, म्हणून तीही ताणली जाते, दोन-चार मीटरची होते. किती ताणली यावरून ती किती लांबून, किती जुन्या काळातून आली ते कळतं. दिशा आणि अंतर जोडत गेलं की हायड्रोजनचा नकाशा तयार होतो. पहिले तारे पेटायच्या सुमाराचं विश्व कसं होतं, कुठं दाट, कुठं विरळ, याचा नकाशा.

हंगामात पन्हाळ्यावरून खाली बघा. धुराचे पट्टे दिसतात. गुऱ्हाळ दिसत नाही, चिमणी दिसत नाही, माणूस तर नाहीच नाही. पण धूर दाट तिथं ऊस दाट, एवढं समजतं. आमचा नकाशाही असाच. एकेक तारा, एकेक दीर्घिका मोजत बसायचं नाही. पट्टे बघायचे. माणूस न दिसण्याइतक्या उंचीवर उभं राहायचं आणि तिथून जे दिसतं त्याला सत्य म्हणायचं. मला हे फार आवडायचं तेव्हा.

अडचण एकच. हा आवाज इतका बारीक की त्याच्यापुढं बाकी सगळं बोंबलतं. आपली स्वतःची आकाशगंगा त्याच्या हजारो पटींनी मोठ्यानं ओरडते. त्याखाली शहरांतली एफएम स्टेशनं, विमानं, ट्रॅक्टरचा प्लग, कुणाच्या तरी घरातला बिघडलेला पंखा. ते सगळं एकेक करून वजा करायचं, आणि तळाशी जे राहील तो हायड्रोजन. नाव मोठं असलं तरी आमचं काम वजाबाकीचं. जे जवळचं आहे आणि मोठ्यानं बोलतं आहे, ते आधी काढून टाकायचं. मामाच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळला की मळी वर येते, गुळव्या ती झाऱ्यानं काढून बाजूच्या चरात ओततो. मी एकदा त्याला विचारलं होतं, मळीबरोबर रस जात नाही का? म्हणाला, "जातोय की. थोडा जायाचाच. पर समदी काडल्याबिगर गूळ कुनी घेत न्हाय." आमच्याही वजाबाकीत थोडा हायड्रोजन जातो. थोडं आणखीही काही जातं.

तर आम्हाला एक शांत जागा हवी होती. आमचा गट पुण्याकडचा, मी त्यातली कोल्हापूरची. पुढं मोठी दुर्बीण उभारायची, त्याआधी एक हंगामभर चार लहान अँटेना लावून बघायच्या, जागा किती शांत आहे ते. मी मामाचा माळ सुचवला. गावाचं नाव सांगत नाही. नेसरीच्या बाजूला आहे, डोंगरांच्या मधोमध वाटीसारखं. मोबाईलची रेंज फक्त देवळाच्या पायऱ्यांवर, आणि तीही देवाच्या मर्जीनं. रेंज नाही म्हणून त्या गावात पोरी द्यायला लोक नाखूश असतात. आम्हाला नेमकी म्हणूनच ती जागा सोन्यासारखी वाटली.

अण्णामामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. आवाज असा की त्याला फोनची गरज नाही. माळ मागितला तर म्हणाला, "आबाळ ऐकायचं हाय न्हवं? ऐक की. माझं काय जातंय? फकस्त त्येला माझ्याबद्दल काय इचारू नगंस." आम्ही माळावर लोखंडी जाळी अंथरली, वर पत्र्याचे पंख असलेल्या चार अँटेना उभ्या केल्या. गावानं दोन दिवस गर्दी केली, तिसऱ्या दिवशी ती कपडे वाळत घालायची स्टँडं आहेत असं ठरवून टाकलं आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

मग मी नियम सांगत घरोघर हिंडले. आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. केवढा रुबाब! माळाच्या बाजूला येताना मोबाईल बंद. रेंज नसली की फोन उलट जास्त ओरडतो, म्हणून बंदच. आणि बॅटरी, म्हणजे हातातली विजेरी, तीही लावायची नाही. आतल्या सर्किटाची किरकिर येते. खरं सांगायचं तर बॅटरीनं आमचं काही बिघडत नव्हतं. अगदी अँटेनाच्या दहा पावलांत आली तर थोडं. पण दहा पावलं कोण समजावत बसणार? मी सरसकट सांगितलं, माळ आणि त्याच्या खालचा मामाचा ऊस, सगळीकडे बंदी. लोकांनी मान डोलावली आणि विसरून गेले. ऊस तोडायला आलेले तोडकरी तर माझ्या तोंडावर मोबाईलवर गाणी लावून जायचे.

एकीनं ऐकलं. शेवंतावैनीनं.

मामाच्या बांधाला बांध लागून तिचं घर. दोन म्हशी, नवरा दत्तू, आठवीतली लेक राणी. बाई बारकी, चालणं मात्र पावसात सापडल्यासारखं, सदा घाईत. पहिल्याच दिवशी येऊन जाळीबाहेर उभी राहिली. चपला काढून. देवळात उभं राहावं तशी.

"अक्का, आबाळ बोलतंय काय वो?"

"बोलतंय की."

"आमच्याबद्दल काय म्हनतंय?"

"तुमच्या लई आधीचं बोलतंय, वैनी. माणूस नव्हता, म्हस नव्हती, पृथ्वीसुद्धा नव्हती, तवाचं."

"मग त्येला आमचं काय पडलंय!" म्हणाली, आणि खळखळून हसली. मग एकदम गंभीर होऊन विचारलं, फोन बंद करायचं बटण नीट चालत नाही, तर पिठाच्या डब्यात खुपसून ठेवला तर चालेल काय? लोखंडी डबा हाय, झाकन घट हाय. मी हसत म्हटलं, चालेल. त्या दिवसापासून रोज सांजेला तिचा फोन पिठात. दत्तू वैतागायचा, "आगं, भाकरीत रिंग वाजंल येक दिस!" ती म्हणायची, "वाजू द्या. अक्काच्या आबाळाला चालत न्हाय."

शहरातल्या लोकांना वाडं माहीत नसतं, म्हणून सांगते. ऊस तोडला की शेंड्याचा हिरवा भाग छाटतात, ते वाडं. हंगामात म्हशींचं तेच पोट. फडात पडलेलं वाडं तोडकरी पेंढ्या बांधून विकतात, म्हणून ज्याला फुकट हवं त्यानं ते यायच्या आत जाऊन उचलायचं, आणि मालकानं हो म्हटलेलं असायचं. मामानं हो म्हटलं होतं. माझ्या समोर. मी ओट्यावर चहा पीत होते, शेवंता दुधाची किटली घेऊन चालली होती, आणि मामा अंगणातून ओरडला, "शेवंते, तोडल्यालं वाडं न्हेत जा गं! तोडकरी याच्या आदी ये म्हंजी झालं." ती म्हणाली, "येतो की, अण्णा." एवढंच बोलणं. तेव्हा ते साक्ष म्हणून जपून ठेवायचं असतं हे कुणाला कळतं?

उभ्या उसाला तारेचं कुंपण होतं. रानडुकरं एका रातीत अर्धा फड आडवा करतात, म्हणून सगळ्यांनीच झटका मशीन लावलेलं. ते मशीन तारेत सेकंदाला एक झटका सोडतं. जनावर घाबरतं, मरत नाही. माणसालाही बसला तर शिवी येते तोंडात, बाकी काही नाही. दवानं पानं ओली झाली की तारेवर ठिणगी उडते, आणि प्रत्येक ठिणगी आमच्या अँटेनात. टक. टक. टक. सांज झाली की सुरू, दिवस उजाडला की बंद. मी मामाचं कुंपण घड्याळासारखं ऐकायची. आणि शिव्या घालत एकेक टिकटिक निवडून काढायची, मळी काढावी तशी. वाड्याला जाताना ती तार शेवंताच्या वाटेत यायची. ती विळ्याच्या लाकडी मुठीनं तार वर उचलायची, खालून वाकून पलीकडे जायची. मला म्हणाली होती, "चावतंय वो जरा. मुंगीगत."

मग एका सांजेला टिकटिक आलीच नाही. तिच्या जागी अखंड गुणगुण. सेकंदाला शंभर ठोके, एकसारखे. हे ठोके कशाचे असतात ते पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगता येईल. घरात येते ती वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, दर हेलकाव्याला दोनदा ठिणगी. म्हणजे मामानं झटका मशीन काढलं होतं आणि खांबावर आकडा टाकून तारेत सरळ वीज सोडली होती.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. "मामा, तारेत डायरेक्ट लाईन सोडलीस?"

तो खूश झाला. "आयला, तुज्या मशीनला त्येबी कळलं व्हय?" बायकोला हाक मारून सांगितलं, बघ, भाचीचं यंत्र कसलं हुशार हाय. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "डुकरं झटक्याला दाद देईनात गं. आन मानूस कशाला मरायला जातंय अंधाराचं उसात?"

"माणूस मरेल, मामा," एवढं मी म्हटलं. एकदा म्हटलं. आवाज न चढवता, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. त्यानं हात झटकला, मी गप्प बसले. आणि आता जे लिहिणार आहे ते याआधी कुणालाच सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. सेकंदाला एक ठिणगी निवडून काढणं जिकिरीचं असतं; ती कधी येते, कधी चुकते, कधी जोरात, कधी हळू. गुणगुण मात्र एकसारखी. एकसारखी गोष्ट वजा करणं सोपं. त्या आठवड्यात माझी आकडेमोड कधी नव्हे इतकी स्वच्छ निघाली आणि पुण्याहून शाबासकी आली.

शेवंता आठवडाभर माळाच्या वरच्या अंगाला, तोडून झालेल्या फडातच वाडं गोळा करत होती. तिकडं तार नव्हती. आठव्या दिवशी तिथलं संपलं आणि ती खाली, कुंपणापलीकडच्या तोडीकडे उतरली.

सकाळी सातला मी माळाकडेच्या, आमचं यंत्र ठेवलेल्या झोपडीकडे निघाले होते. बांधावर दव पडलेलं. समोरून मामा आला, काखेत तारेचं वेटोळं, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. इतक्या वर्षांत मी त्याला हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "माघारी जा," म्हणाला. हळू.

मी गेले नाही. गेले असते तर बरं. ती कुंपणाच्या रेघेवर पालथी होती. चपला बांधाच्या अलीकडे शेजारी-शेजारी काढून ठेवलेल्या, कारण तिथून अक्काचं आभाळ सुरू होत होतं. डोक्यावरची चुंबळ घरंगळत सरीत जाऊन बसलेली. विळ्याची मूठ दवानं ओली. तार तिथं नव्हतीच. नुसत्या खुंट्या होत्या.

दहा वाजेपर्यंत देवळाच्या पारावर निकाल लागला. तो कुणी एकानं लावला असं नाही, प्रत्येकानं थोडा थोडा लावला.

"उजाडायच्या आदी उसात काय काम हुतं?"

"हातात बॅटरी न्हाय."

"आंगावर फोन न्हाय. आन फोन कुटं गावला म्हाईत हाय का? पिठाच्या डब्यात! लपवून ठेवल्याला!"

"मग चोर न्हाय तर काय? ऊस मोडायलाच गेलती."

कुणीतरी च्यक् च्यक् केलं. मामा पाराच्या कडेला बसला होता. त्याला बोलायची गरजच राहिली नाही. ती चोर ठरली की तो आपोआप सुटत होता. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. बॅटरी का नाही, फोन पिठात का, चपला बांधावर का, या तिन्हींचं उत्तर त्या अख्ख्या गावात माझ्याकडे होतं. मी कागदी कपातला चहा धरून उभी राहिले. चहा संपवलासुद्धा.

पोलिसांच्या कागदावर झटका मशीनचा बिघाड लागला. माणसांच्या तोंडात चोरी लागली. दोन्ही एकमेकांना सांभाळून राहिले.

दुपारी मी झोपडीत जाऊन सकाळची नोंद उघडली. आमच्याकडे आवाज रेघांसारखा दिसतो. वेळ खाली सरकत जाते आणि ठिणग्यांच्या रेघा उमटतात. सांजेपासून एक बारीक, सरळ रेघ. सहा वाजून गेल्यावर ती एकदम जाड झाली. काही सेकंद जाड. मग पुन्हा बारीक, जशी आधी होती तशीच, काही झालंच नाही अशी. अर्ध्या तासानं मामानं आकडा काढला तिथं ती संपली. मी त्या जाड भागावर बोट ठेवलं. पडदा थोडा कोमट होता, बाकी काही नाही.

असल्या कच्च्या नोंदी आम्ही ठेवत नाही. फार जागा खातात. साफ केलेला भाग पुण्याला पाठवायचा आणि डिस्क पुसून परत वापरायची, ही पद्धत. ती डिस्क मात्र मी पुसली नाही. पिशवीत घेऊन हिंडत राहिले. बाराव्याचं जेवण झाल्यावर दत्तू हात धुऊन माझ्याजवळ आला. डोकं भादरलेलं, त्यामुळं कान फार मोठे दिसत होते.

"अक्का, तुमच्या मशीनला समदं ऐकू येतंय म्हनं."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"ही गेली तवा काय ऐकलं आसंल की त्येनं. ही कंदी कुनाच्या उसाचं टिपरूबी मोडनारी न्हवं वो. तुमी तरी सांगा."

डिस्क माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. मी म्हटलं, "दत्तूभाऊ, ते फक्त आभाळाचं ऐकतं."

"आबाळाचंच व्हय," तो म्हणाला. "बरं."

त्यानं 'बरं' म्हटलं, हे मला अजून खातं. भांडायचा की! शिव्या घालायच्या. कोल्हापूरचा माणूस पाच रुपयांच्या सुट्ट्यावरून तासभर भांडतो, आणि हा 'बरं' म्हणून पत्रावळी उचलायला गेला. दुसऱ्या दिवशी मी डिस्क पुसली. पुसायला चहा गार व्हायला लागतो तेवढाच वेळ लागला.

मामा तुरुंगात जाईल, आई उभ्या जन्मात माझं तोंड बघणार नाही, म्हणून मी गप्प बसले असं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. थाप आहे. मामा गेला असता तर माळ गेला असता. माळ गेला असता तर हंगाम गेला असता, आणि माझं नाव ज्या कागदावर छापून यायचं होतं तो कागद, आमचा शोधनिबंध, गेला असता. तेरा अब्ज वर्षांपूर्वीच्या वायूची मला काळजी होती. तो कुठं पळून चालला होता?

कागद छापून आला. त्यात एक वाक्य आहे, माझ्याच हातचं: स्थानिक विद्युत कुंपणाच्या व्यत्ययामुळे एका दिवसाची निरीक्षणे वगळली आहेत. शेवंतावैनी एवढ्या एका वाक्यात आहे, आणि त्यातही वगळलेली. आमच्या सफाईचं कौतुक झालं. मोठी दुर्बीण शेवटी भलतीकडेच गेली, तो माळ पुरेसा शांत नाही असं ठरलं.

गेल्या आठवड्यात मामाकडे गेले होते. तो आता थकलाय, आवाज तेवढा शाबूत. जेवताना आपणहून विषय काढला. "शेवंता बिचारी! हाताला वाईट खोड हुती, पर कष्टाळू लई." त्याला ते आता खरंच वाटतं. चार वर्षं तेच तेच बोललं की होतं तसं. मी त्याच्याकडे बघितलं आणि आणखी एक भाकरी वाढून घेतली.

दिवस मावळताना माळावर गेले. जाळी, अँटेना सगळं केव्हाच काढलेलं. गवतात चार चौकोन मात्र अजून वेगळे दिसतात, तिथं गवत खुरटं येतं. बांधावरून कुणीतरी येत होतं. दत्तू. हातात बॅटरी, न लावलेली. अंधुक वाटेवर ठेचकाळत आला आणि लांबूनच विचारलं, "लावू का, अक्का? चालंल न्हवं?"

"लावा की, दत्तूभाऊ. मशीन काढून चार वर्सं झाली."

"व्हय की. पर हात जात न्हाय. हिची सवय." बॅटरी लावली नाहीच त्यानं. माझ्यासमोर उभा राहिला. मग पायाकडे बघत बोलला. राणीला बघून गेलेत पावणे, कागलकडचे. पोरगी पसंत आहे. आधी दोन स्थळं येऊन गेली होती. चहा पिऊन गेली आणि मागून निरोप आला, आईचं जरा कानावर आलंय. हेही रविवारी गावात येणार, चौकशी करणार. पारावर बसलेले काय सांगणार ते ठरलेलंच. "तुमी शिकल्याली मानसं. अण्णांची सक्की भाची. तुमी येक शबूद टाकला, बाई चोर न्हवती म्हून, तर कोन न्हाय म्हनंल? बाकी काय नगं. अण्णांचं नाव काडू नगा. कुनाचंच नगा. फकस्त ती चोर न्हवती, येवडंच."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं, आणि चार वर्षांनी तो मामाला वगळून, मला वगळून, फक्त एवढंसंच मागत होता.

"येते," मी म्हटलं. "रविवारी नक्की येते."

"देवळापाशी रेंज हाय. पावणं आलं की फोन करतो." आणि तो अंधारातच, बॅटरी न लावता, बांध उतरून गेला.

शेवंता चोर नव्हती. मालकानं बोलावलं होतं म्हणून ती वाड्याला गेली, आणि मी सांगितलं होतं म्हणून तिच्या हातात उजेड नव्हता. लिहायला बघा किती सोपं आहे. हे वाचणाऱ्यांत त्या गावचं कुणी नसेल, म्हणूनच लिहिता येतंय.

रविवारी सकाळी आंघोळ केली. साडी काढून ठेवली. साडेनऊला फोन वाजला, नंबर दत्तूचा. वाजून वाजून थांबला. बंद करायचा तर त्याला कळेल मी बंद केला म्हणून. वाजू द्यायचा तर ऐकवत नव्हता. पुन्हा वाजायला लागल्यावर मी स्वयंपाकघरात गेले, पिठाचा डबा उघडला, फोन आत खुपसला आणि झाकण घट्ट लावलं. वाजलेला कळत होताच. बारीक येतो आवाज, पण येतो. आणि बारीक आवाज ऐकण्यातच माझा जन्म गेलाय. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी बादलीतली चादर पिळली आणि ती वाळत घालायला गच्चीवर गेले.